कृपेने तारण आणि ख्रिस्ताचे सर्वश्रेष्ठत्व : या दोन शिकवणी वेगळ्या आहेत की एकच?

शंकेखोर :

नमस्कार. गेले काही महिने मी नव्या करारातील पत्रे क्रमाने वाचतो आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्यामुळे विचारताना एखादा शब्द चुकला तर सांभाळून घ्यावे. या पत्रांत दोन गोष्टी सतत समोर येतात. एक अशी की, मनुष्याचे तारण देवाच्या कृपेने होते, ते कोणी आपल्या कर्मांच्या बळावर मिळवत नाही. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे इतक्या स्वच्छ शब्दांत आले आहे की त्यातून पळवाट काढणे कठीण आहे. दुसरी अशी की, ख्रिस्त सर्वांहून श्रेष्ठ आहे : देवदूतांहून, मोशेहून, मंदिरातल्या याजकांहून, दृश्य आणि अदृश्य अशा प्रत्येक सत्तेहून. पहिली शिकवण मला ओढ लावते, दुसरी दूर ढकलते, आणि माझी अडचण नेमकी इथेच आहे. देव जर खरोखर कृपाळू असेल, तर त्याने सरळ क्षमा करावी. त्यासाठी एका विशिष्ट व्यक्तीचे मरण आणि तिचे सर्वोच्च स्थान मध्ये कशाला हवे? कृपा एकाच दाराने येते असे म्हटले की ती मला आकसल्यासारखी वाटते.

दुसरी शंका अधिक व्यावहारिक आहे. कर्मांनी काही मिळत नसेल, तर चांगले वागण्याचे कारण काय उरते? ही शंका नवी नाही हे मला ठाऊक आहे, कारण रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी यांतील अनेक पत्रांचा लेखक मानला जाणारा प्रेषित पौल स्वतःच ती मांडतो आणि लगेच झिडकारतो. झिडकारणे समजले, त्यामागचे कारण मनाला नीट भिडले नाही. त्यातच याकोबाचे पत्र वाचले, तर मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनीही नीतिमान ठरतो असे तिथे स्पष्ट लिहिलेले. म्हणजे एकाच ग्रंथात दोन साक्षीदार आणि दोन जबान्या.

जाता जाता एक भाषिक कुतूहल : ‘मोक्ष’ किंवा ‘मुक्ती’ हे रुळलेले शब्द सोडून मराठी ख्रिस्ती लेखनात ‘तारण’ हा शब्द का वापरला जातो? मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कर्जासाठी गहाण टाकलेले दागिने आले.

पाठभेद :

जाता जाता विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण त्यात तुम्हाला वाटते त्याहून अधिक दडलेले आहे. ‘मोक्ष’ म्हटले की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा अर्थ मराठी मनात आपोआप उमटतो, आणि नव्या करारात तो फेराच नाही. पाप, मरण आणि देवापासूनचा दुरावा यांतून वाचवले जाणे, बुडणाऱ्याला कोणी हात देऊन काठावर ओढावे तसे, असे तिथले चित्र आहे. तारणे, तारू, तारणारा हे शब्द त्याच्या अधिक जवळचे आहेत. पण तुम्हाला दिसलेले गहाणही अगदीच अस्थानी नाही. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील चौदाव्या वचनात एका दस्तऐवजाचा उल्लेख येतो. मूळ ग्रीक शब्द ‘खैरोग्राफॉन’, म्हणजे शब्दशः हाताने लिहिलेले. व्यवहारात ऋणकोने स्वहस्ते लिहून दिलेल्या कर्जरोख्याला हा शब्द वापरत. देवाने तो रोखा पुसून टाकला आणि वधस्तंभाला खिळला, असे ते वचन सांगते. रोखा आपल्याच अक्षरात असल्यामुळे ‘हे मी लिहिलेच नाही’ असे म्हणण्याची सोय नाही, आणि तो निकालात निघाला यात आपल्या फेडीचा एक पैसाही नाही.

आता तुमची पहिली शंका, आणि तीही याच पत्राच्या आधाराने. कलस्सै हे नगर आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागात, लायकस नदीच्या खोऱ्यात होते. (पत्र पौलाने स्वतः लिहिले की त्याच्या परंपरेतल्या कोणा शिष्याने, यावर अभ्यासकांत वाद आहे; आपल्या मुद्द्याला त्याने बाधा येत नाही.) तिथल्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात, कोणीतरी असे शिकवत होते की ख्रिस्तावर विश्वास ठेवलात हे ठीक, पण तेवढ्याने भागत नाही : खाण्यापिण्याचे निर्बंध पाळा, सण, नवचंद्र आणि शब्बाथ (यहुद्यांचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) पाळा, देवदूतांची आराधना करा, देहाला कष्ट द्या. हे हाती धरू नको, ते चाखू नको, त्याला शिवू नको, हा त्यांचा सूर दुसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात आपल्याला थेट ऐकू येतो.

या पुरवणी अटींना लेखक कसे उत्तर देतो ते पाहण्यासारखे आहे. तो कर्मकांडाचे तोटे मोजत बसत नाही. वादाला तोंड फुटण्यापूर्वीच, पहिल्या अध्यायाच्या पंधराव्या ते विसाव्या वचनांत, त्याने ख्रिस्ताचे एक स्तोत्रवजा वर्णन घालून ठेवले आहे : तो अदृश्य देवाचे प्रतिरूप आहे, सर्व काही त्याच्या द्वारे आणि त्याच्यासाठी निर्माण झाले, सर्व पूर्णता त्याच्या ठायी वसते. पुढच्या अध्यायातला सगळा युक्तिवाद याच पायावर उभा राहतो, कारण ज्याच्या ठायी पूर्णता आहे त्याला जोड लागत नाही. ख्रिस्त अनेक मध्यस्थांपैकी एक, फार तर त्यांतला सर्वांत थोर, एवढाच असता, तर त्याने केलेल्या कामात काही ना काही उणे राहिले असते आणि ते भरून काढण्याची जबाबदारी आपल्यावर, आपल्या व्रतांवर आणि देहदंडावर आली असती. त्याला एक पायरी खाली आणा, की कर्मांची अट मागच्या दाराने घरात शिरते. तुम्हाला दूर ढकलणारी शिकवण हाच तुम्हाला ओढ लावणाऱ्या शिकवणीचा टेकू आहे, असे माझे मत आहे.

मग देवाने सरळ क्षमा का केली नाही? कर्ज माफ होते तेव्हा ते हवेत विरत नाही. धनकोने ते आपल्या अंगावर घेतलेले असते. इथे इ. स. 325 मधल्या निकायाच्या धर्मसभेचे महत्त्व कळते. आरियस नावाचा एक धर्मगुरू शिकवत होता की पुत्र हा सर्वांत श्रेष्ठ असला तरी निर्माण केला गेलेला आहे. सभेने ते नाकारले आणि पुत्र पित्याशी सारतत्त्वाने एकच आहे असे ठरवले. हा शब्दांचा कीस वाटतो, पण आरियसचे खरे मानले तर वधस्तंभावर देवाने दुसऱ्याच कोणाला तरी पुढे केले असा अर्थ होतो, आणि ती क्षमा फारशी शोभनीय ठरत नाही. निकायाचे मानले तर ज्याला ते देणे मिळायचे होते त्यानेच ते सोसले.

इब्री लोकांस पत्रातली एक बारीक गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. दहाव्या अध्यायात म्हटले आहे की प्रत्येक याजक दररोज उभा राहून तेच ते यज्ञ पुन्हा पुन्हा अर्पण करतो, ख्रिस्त मात्र एकच यज्ञ अर्पून देवाच्या उजवीकडे बसला. ‘उभा’ आणि ‘बसला’ हे शब्द सहज पडलेले नाहीत. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपातल्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या तंबूवजा फिरत्या मंदिरातल्या, सामानाचे सविस्तर वर्णन आहे : कोश, मेज, दीपवृक्ष, धूपवेदी, अंगणात होमवेदी आणि पितळेचे गंगाळ. याजकाला टेकायला बैठक कुठेही नाही. नावात ‘आसन’ असलेली एकच वस्तू तिथे आहे, ती म्हणजे कोशावरचे दयासन, आणि त्यावर कोणी मनुष्य बसत नसे. काम संपतच नसे, म्हणून बसायचा प्रश्नच नव्हता.

जुनी वही :

वरचे विवेचन मला पुष्कळसे मान्य आहे, तरी दोन ठिकाणी टोकावेसे वाटते. मी कॅथलिक परंपरेतून लिहितो आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे, कृपेने तारण ही शिकवण 1517 मध्ये प्रोटेस्टंट चळवळीला तोंड फोडणाऱ्या मार्टिन लूथरने शोधून काढली, असा एक समज अशा चर्चांत गृहीत धरलेला असतो. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाचा, ब्रिटनमधून आलेला एक विरक्त साधक रोममध्ये शिकवत होता. मनुष्य मनात आणील तर देवाच्या आज्ञा पाळू शकतो, अन्यथा देवाने त्या दिल्याच नसत्या, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने आपल्या आत्मनिवेदनात अशी प्रार्थना केली होती की, देवा, तू जी आज्ञा करशील ती पाळण्याचे बळही तूच दे आणि मग हवी ती आज्ञा कर. हे वाक्य कानावर पडताच पेलागियस संतापला, असे ऑगस्टीननेच नोंदवले आहे. पेलागियस वाईट माणूस नव्हता. लोकांचे शिथिल वागणे पाहून तो अस्वस्थ झाला होता, शंकेखोर यांची दुसरी शंका ज्या जागेवरून येते त्याच जागेवरून. तरीही 418 मध्ये कार्थेजच्या सभेने त्याची शिकवण नाकारली आणि 529 मध्ये ऑरेंजच्या सभेने आणखी पुढे जाऊन सांगितले की विश्वासाचा आरंभसुद्धा कृपेनेच होतो.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने 13 जानेवारी 1547 रोजी नीतिमान ठरण्याविषयीचा निर्णय जाहीर केला (लूथरला जाऊन तेव्हा जवळपास एक वर्ष झाले होते), त्याच्या पहिल्याच कलमात ख्रिस्ताच्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्याचा निषेध आहे. भांडण कृपेविषयी नव्हते. ती कृपा माणसात काय करते, त्याला फक्त नीतिमान म्हणून जाहीर करते की आतून बदलतेही, आणि त्या बदललेल्या माणसाच्या कृत्यांना काही मोल आहे की नाही, याविषयी होते. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि मूळ गाभ्याविषयी सहमती नोंदवली. 2006 मध्ये मेथडिस्टही त्यात आले. सगळे मतभेद मिटले असे मात्र नाही, आणि तसा दावा त्या घोषणापत्रातही नाही.

दुसरी हरकत कर्जरोख्याच्या दाखल्याला. दाखला सुंदर आहे, पण सगळा भार त्याच्यावर टाकला की तारण हा हिशेबवहीतला व्यवहार होतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत न्यायालयापेक्षा वैद्याची भाषा अधिक आहे : पाप हा रोग, ख्रिस्त हा वैद्य, आणि तारण म्हणजे देवाच्या जीवनात सहभागी होत जाणे. कर्ज एका क्षणात माफ होते. आजारातून उठायला वेळ लागतो आणि रोग्याला औषध गिळावे लागते. ते गिळल्याबद्दल कोणी रोग्याचा सत्कार करत नाही, हेही तितकेच खरे.

शंकेखोर :

दोघांचेही आभार. ख्रिस्ताच्या श्रेष्ठत्वाकडे मी एखाद्या राजाच्या बिरुदावलीसारखे पाहत होतो. पुरवणी अटींना दिलेले उत्तर म्हणून ते वाचायचे, हे मला सुचले नव्हते. परंतु याकोबाचा गुंता तसाच राहिला. पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात आणि दोघे उलट निष्कर्ष काढतात, हे कसे?

अक्षरओळख :

दोघे अब्राहामाच्या आयुष्यातली वेगवेगळी पाने उघडतात. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौलाचे बोट उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायावर आहे : मूलबाळ नसलेल्या, वय झालेल्या अब्राहामाला देव आकाशातले तारे दाखवतो, अब्राहाम विश्वास ठेवतो, आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणले जाते. पौल विचारतो, तेव्हा त्याची सुंता झाली होती का? नव्हती, ती सतराव्या अध्यायात येते. सगळा मुद्दा या क्रमावर उभा आहे. याकोबाचे बोट बाविसाव्या अध्यायावर आहे, जिथे अब्राहाम इसहाकाला वेदीवर ठेवतो. दोन्ही प्रसंगांच्या मध्ये बरीच वर्षे गेलेली आहेत. देवाने अब्राहामाला कशाच्या आधारावर स्वीकारले, असे पौल विचारतो. तो विश्वास जिवंत होता हे कशावरून दिसले, असे याकोब विचारतो. याकोबाच्या समोर असलेला माणूसही वेगळा आहे : उघड्यानागड्या, उपाशी भावाला ‘सुखी राहा, ऊब घे, पोटभर जेव’ असे म्हणून काहीही न देता वाटेला लावणारा. असा माणूस पौलाच्या समोर आला असता तर पौलानेही त्याला सोडले नसते.

एक गंमत इथे सांगण्याजोगी आहे. लूथरने 1522 च्या जर्मन भाषांतरात रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, अठ्ठाविसाव्या वचनात, मुळात नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला आणि त्यावरून मोठा गहजब झाला. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात मुळातून एकदाच येतात, याकोबाच्या पत्रात, आणि तेही नाकारण्यासाठी! अर्थात पौलाचा आशय लूथरला बरोबर कळला होता असे माझे मत आहे; पण वादात कोणी ‘शब्द दाखवा’ म्हणाले की त्याच्या अनुयायांची पंचाईत होते.

चांगले वागण्याचे कारण काय उरते, यावर मी सिद्धांताऐवजी लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा पुढे करीन. दूर देशी सगळे उधळून, डुकरे राखण्याची पाळी आल्यावर तो परतायचे ठरवतो आणि बापापुढे काय बोलायचे ते मनात घोकून ठेवतो. त्या भाषणात तीन वाक्ये आहेत : मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्यापुढे पाप केले आहे, आपला मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला एखाद्या मोलकऱ्याप्रमाणे ठेवा. बाप त्याला दुरूनच पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, आणि मुलगा घोकलेले बोलू लागतो. पहिले वाक्य होते, दुसरे होते, आणि तिसरे येण्याआधीच बाप नोकरांकडे वळून अंगरखा आणायला सांगतो. एकोणिसावे आणि एकविसावे वचन शेजारी ठेवून पाहा. (काही हस्तलिखितांत नंतरच्या नकलकारांनी तिसरे वाक्य एकविसाव्या वचनातही भरून टाकलेले आढळते, त्यांना ते राहून गेले असे वाटले असावे.) मोलकरी म्हणून राहण्याचा प्रस्ताव म्हणजे मजुरी करून थोडेथोडे फेडण्याचा प्रस्ताव होता, आणि तोच बापाने ऐकून घेतला नाही. दुसऱ्या दिवशी हा मुलगा शेतावर गेला असेल तर तो मजुरीसाठी गेला नसेल. पण तो गेला असेल याविषयी मला शंका नाही. इफिसकरांस पत्रात ज्या आठव्या-नवव्या वचनांचा तुम्ही उल्लेख केला, त्यांच्या लगेच पुढचे दहावे वचन हेच सांगते की सत्कृत्ये करण्यासाठीच आपण ख्रिस्तात निर्माण झालो आहोत. ‘ने’ आणि ‘साठी’ या दोन प्रत्ययांत सगळे आले.

मधला मार्ग :

मला एक तुलना सुचते. श्रीवैष्णव परंपरेत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन पक्ष आहेत. माकडाचे पिलू आईला घट्ट धरून राहते. मांजरीचे पिलू काहीच करत नाही, आई त्याला मानेला धरून उचलून नेते. शरणागताला स्वतः काही करावे लागते की नाही, हा तिथला वाद. पेलागियस आणि ऑगस्टीन यांचे भांडण वाचताना मला हेच आठवले. मग ख्रिस्ती शिकवणीत निराळे ते काय?

पाठभेद :

तुलना चांगली आहे, फक्त पेलागियस माकडाच्या पिलाच्याही पलीकडे होता. त्याचे पिलू झाडावर जवळजवळ एकटेच चढू शकत होते. कृपा आणि मानवी प्रतिसाद हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी देवावर विसंबून पाहिले त्या सर्वांना पडलेला आहे, आणि तो पडण्याची मक्तेदारी ख्रिस्ती लोकांकडे नाही. निराळेपण वेगळ्या ठिकाणी आहे. ख्रिस्ती विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत एकत्र म्हटल्या जाणाऱ्या छोट्याशा पाठात, येशू आणि त्याची आई मरिया यांच्याखेरीज आणखी एकाच माणसाचे नाव येते, आणि तो संत नाही, प्रेषित नाही. तो पंतय पिलात, इ. स. 26 ते 36 या काळातला यहूदीयाचा रोमन सुभेदार. असे नाव तिथे ठेवण्याचे कारण उघड आहे : ही कृपा एका तारखेला, एका राजवटीत, एका माणसाच्या देहावर घडली असा तो दावा आहे. देवाचा स्वभाव कृपाळू आहे एवढेच म्हणायचे असते तर सुभेदाराची गरज नव्हती. म्हणून ‘कृपा हवी, पण ख्रिस्त बाजूला ठेवू’ असे म्हटले की त्या दाव्यातले बोट ठेवता येण्यासारखे सगळे निघून जाते आणि एक सदिच्छा उरते.

‘एकच दार’ याविषयीचा तुमचा आक्षेप मला हलका वाटत नाही. ज्यांच्या कानावर हे नावच पडले नाही त्यांचे काय, यावर ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये असे म्हटले की ज्यांना स्वतःच्या दोषाने नव्हे, तर अन्य कारणाने शुभवर्तमान ठाऊक नाही आणि जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते; तेही कृपेनेच आणि ख्रिस्तामुळेच, असे त्या परिषदेचे म्हणणे आहे. अनेक सुवार्तिक मंडळ्या हे मान्य करत नाहीत आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायातले बारावे वचन पुढे करतात. मी स्वतः पहिल्या मताकडे झुकतो. पण दार किती माणसांसाठी उघडे आहे आणि दारे किती आहेत, हे दोन निराळे प्रश्न आहेत. कलस्सैकरांस पत्रातले ते स्तोत्र तर ख्रिस्ताच्या द्वारे ‘सर्व’ गोष्टींचा समेट झाल्याचे बोलते. त्या ‘सर्व’ला आकसलेले म्हणणे मला जमत नाही.

शंकेखोर :

कोणाचे कोणते मत पटले हे आज सांगत नाही. पिलाताचे नाव मी कितीदा तरी वाचले असेन, ते तिथे का आहे हा प्रश्न मला पडला नव्हता. कलस्सैकरांस पत्र आता उलट्या क्रमाने, म्हणजे दुसरा अध्याय आधी आणि पहिला नंतर, असे वाचणार आहे. पंधराव्या वचनातल्या ‘ज्येष्ठ’ या शब्दाशी मात्र आताच अडखळलो : ज्येष्ठ म्हणजे आधी जन्मलेला की मानाने मोठा? पहिला अर्थ घेतला तर आरियसचे म्हणणे पुन्हा डोके वर काढते.

पाठभेद :

मराठीत हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, आणि मुळातला ग्रीक शब्द, ‘प्रोटोटोकोस’, प्रथम जन्मलेला असा असला तरी त्याचा वापर तसाच दुहेरी आहे. स्तोत्रसंहितेच्या एकोणनव्वदाव्या स्तोत्रात, सत्ताविसाव्या वचनात, देव दावीदाविषयी म्हणतो की मी त्याला ज्येष्ठ करीन, पृथ्वीवरील राजांत परमश्रेष्ठ करीन. दावीद हा इशायाचा सर्वांत धाकटा मुलगा. शमुवेल अभिषेक करायला आला तेव्हा घरच्यांनी त्याला पंगतीत बोलावलेही नव्हते, तो रानात मेंढरे राखत होता. आरियसनंतरचा सगळा वाद इथे उतरवत नाही. सोळावे वचन ‘कारण’ या शब्दाने सुरू होते, ते का, एवढे पाहा आणि वेगळा धागा काढा, तिथे बोलू.